साडेसात फुटांचं पातं

"बसत न्हाई म्हंजे काय? आपणहून कधीच बसत नसतंय. बसवायचं असतंय."

हे म्हणताना काका डावा डोळा मिटायचे, उजव्या हाताचा अंगठा नाकासमोर उभा धरायचे आणि समोरच्या वस्तूकडे असं रोखून बघायचे की त्या वस्तूलाच आपलं काहीतरी चुकलंय असं वाटावं. मग शर्टाच्या खिशातून सहा इंची स्टीलची पट्टी निघायची. ती पट्टी ऑफिसात, लग्नात, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत, सगळीकडे त्यांच्या खिशात असे. एकदा दिवाळीत आमच्याकडे फराळाला आले, तर माझी चकली त्यांनी पट्टीनं मोजली आणि "दोन्हीकडं जाडी सारखी न्हाई. सोऱ्याची चकती झिजली असंल," असं निदान केलं. निदान बरोबर होतं, त्यामुळे मला जास्तच राग आला.

अमेरिकेच्या उत्तरेला नोव्हाय नावाचं बर्फाळ गाव आहे, तिथे आम्ही एकाच कंपनीत होतो. कंपनी गाड्यांच्या दारांची कुलपं बनवायची. काका तिथल्या टूलरूममध्ये, म्हणजे साचे आणि हत्यारं बनवतात तिथे, पंचवीस वर्षं मुरलेले, आणि मी कुलपांच्या चाचणीचं सॉफ्टवेअर लिहायला काँट्रॅक्टवर आलेली. ते कोल्हापूरचे, मी नागपूरची. माझं नाव त्यांना पहिल्या दिवशी नीट ऐकू आलं नाही आणि नंतर विचारायची लाज वाटली, म्हणून ते मला शेवटपर्यंत 'नागपूर' म्हणत. पहिल्याच आठवड्यात माझ्या टेस्ट बेंचचा एक प्लग सॉकेटमध्ये जाईना. मी चार लोकांना मेल केली, सोमवारची मीटिंग ठरवली. काका तिथून चालले होते. थांबले, एक डोळा मिटला, खिशातून छोटी कानस काढून प्लगची कड दोनदा घासली आणि तो आत ढकलला.

"मीटिंग कॅन्सल कर, नागपूर," म्हणाले आणि गेले.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. त्यांना नवी, नीट चालणारी वस्तू दिली तर ती कोपऱ्यात पडून राहते. मोडकी दिली की जेवणाची शुद्ध राहत नाही. काकांना एका हिवाळ्यात असं एक मोडकं सापडलं, त्याची ही हकिगत आहे. २००५ साल सरत आलं होतं.

त्यांचं घर गावाच्या पश्चिमेला होतं, जिथे आमच्यासारख्यांची एकसारखी घरं संपतात आणि मोकळी जमीन लागते. पाच एकर जागा, स्वतः लावलेली बावीस सफरचंदाची झाडं, आणि रस्त्यापासून घरापर्यंत सहाशे फूट लांबीचा खडीचा ड्राइव्हवे. उन्हाळ्यात तो इतका देखणा दिसायचा की आम्ही पाहुण्यांना मुद्दाम दाखवायला न्यायचो. हिवाळ्यात त्या सहाशे फुटांवर बर्फ पडला की घर म्हणजे बेट व्हायचं.

काकू हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होत्या. कामाची पाळी सकाळी सहाची. आदल्या जानेवारीत मोठा बर्फ झाला, आणि तो काढायला ठरवलेला माणूस पहाटे चारऐवजी दुपारी बारा वाजता उगवला. काकूंची पाळी चुकली. त्यांच्याऐवजी रात्रपाळीची बाई, घरी दोन लहान मुलं असलेली, आणखी आठ तास उभी राहिली. काकू आरडाओरडा करणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी संध्याकाळी ताटात भाकरी वाढली आणि शांतपणे अट घातली. येत्या हिवाळ्यात आपल्या ड्राइव्हवेपायी एक जरी पाळी चुकली, तर घर विकायचं आणि टेक्सासात फ्रिस्कोला पोरीकडे जाऊन राहायचं. पोरीची पोर दीड वर्षाची झाली होती आणि आजी म्हणजे फोन अशी तिची समजूत होती.

"मग तुम्ही काय म्हटलं?" मी काकांना कँटीनमध्ये विचारलं.

"कबूल म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पण नागपूर, मी टेक्सासात काय करू सांग. तिथं लोखंडबी गंजत न्हाई."

माझ्याकडे तीन उपाय तयार होते. पहिला, दुसरा माणूस ठरवा. तो म्हणे पहिल्याचाच भाऊ निघाला. दुसरा, बर्फ उडवायचं मशीन घ्या. ते होतं, पण खडी खाऊन मेलं. तिसरा, तुमच्या छोट्या ट्रॅक्टरला लागणारं तयार पातं दुकानात मिळतं, ते आणा.

"मिळतंय की," काका म्हणाले. "पण मग मी काय करू?"

त्यांनी केलं ते असं. हॉवेल गावाच्या बाजूला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा पिकअप ट्रक गंजून संपला होता आणि त्याच्या पुढे बसवायचं बर्फ ढकलायचं पातं तेवढं मागे उरलं होतं. साडेसात फूट रुंद, पिवळं, दोन माणसांना न हलणारं. म्हाताऱ्यानं विचारलं की तुमचा ट्रक कोणता. काकांना खोटं बोलवेना आणि खरं सांगितलं तर तो विकणार नाही अशी भीती. ते म्हणाले, "स्मॉल ट्रक."

"हाऊ स्मॉल?"

"व्हेरी स्मॉल," असं म्हणून काकांनी हात कमरेजवळ धरला. म्हाताऱ्यानं पुढे काही विचारलं नाही, पण गाडी नजरेआड होईपर्यंत फाटकात उभा होता.

काकांचा ट्रॅक्टर म्हणजे गवत कापायचा, चार फुटी, चोवीस हॉर्सपॉवरचा जीव. त्याच्यापुढे ते पातं आणून ठेवलं तेव्हा मला हसू आवरेना. मी म्हटलं, काका, दोन्हीकडून थोडं थोडं कापून पाच फूट करा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा तो विषय काढला नाही.

तेव्हापासून दर शनिवारी मी त्यांच्या गॅरेजमध्ये जायला लागले. नवरा म्हणायचा, "यार, तुला त्यातलं काय कळतं?" काही कळत नव्हतं. पण आठवडाभर मी असं काही लिहायचे जे कधी पूर्ण व्हायचं नाही आणि झालं तरी कोणाला दिसायचं नाही. गॅरेजमध्ये दुपारी दोनला एक लोखंडी पाटी असायची आणि चारला तिला सहा भोकं पडलेली असायची. ती भोकं बघून मला फार बरं वाटायचं. काकू पोहे आणून द्यायच्या, एकदा पात्याकडे आणि एकदा ट्रॅक्टरकडे बघायच्या आणि "फ्रिस्कोत आत्ता ऊन हाय म्हणं," असं म्हणून आत जायच्या.

काम मुळात सोपं होतं, असं काका म्हणत. ट्रॅक्टरला पुढे माती उचलायची बकेट होती. ती काढायची, आणि जिथे बकेट अडकते तिथे अडकेल अशी जाड पाटी बनवून तिच्यावर पातं बसवायचं. आधी त्यांनी टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून सगळं पुठ्ठ्याचं करून पाहिलं. पुठ्ठ्याचं छान बसलं. लोखंडाचं बसेना. तीन शनिवार ते एक डोळा मिटून बसले आणि चौथ्या शनिवारी बसलं. त्या दिवशी ट्रॅक्टरनं पातं उचललं मात्र, आणि मागची दोन्ही चाकं जमीन सोडून वर आली. काका वर बसलेले, तोंड जमिनीकडे.

"मागं वजन पायजे," ते तसेच बसून म्हणाले. त्यांची नजर गॅरेजच्या दारातून स्वयंपाकघराकडे गेली. तिथे काकूंनी कोल्हापूरहून विमानातून आणलेला दगडी पाटा होता.

"पाट्याला हात लावलात तर आजच फ्रिस्को," काकू आतून म्हणाल्या. त्यांनी कसं ओळखलं हे मला आजही कळलेलं नाही. शेवटी काकांनी एका ड्रममध्ये काँक्रीट भरून तो मागे जोडला.

आता माझ्या अपराधाकडे येते. पातं डावीकडे-उजवीकडे वळवायला ट्रकवर वेगळा पंप असतो. तो काढून काकांनी ते काम ट्रॅक्टरच्याच हायड्रॉलिक तेलावर आणलं होतं. नळ्या जोडून झाल्या. पातं वर उचललेलं. ते झालं की ट्रॅक्टरचं जुनं तेल काढून नवं भरायचं ठरलं होतं, म्हणून मी मागे बादली लावून, तेलाच्या बुचाला पाना लावून तयारीत बसले होते. काका पुढे नळीचा जोड तपासत होते. तिथून त्यांनी आवाज दिला, "नागपूर, खाली कर की."

त्यांना म्हणायचं होतं, लिव्हर दाब आणि पातं खाली घे. पण आमच्याकडे नागपुरात डबा खाली असतो, बस खाली असते, आणि 'खाली कर' म्हटलं की माणूस जे भरलेलं असेल ते रिकामं करतो. मी बूच काढलं.

बादली छोटी होती. ती भरली, वाहिली, आणि ते सोनेरी तेल संथपणे गॅरेजभर पसरत काकूंच्या गाडीखाली गेलं. मी एकाग्रतेनं शेवटच्या थेंबाची वाट बघत होते. काका पुढून आले ते थेट घसरत आले आणि ट्रॅक्टरचं चाक धरून थांबले.

"काय केलंस गं?"

"खाली केलं नं काका. एक थेंब नाही ठेवला."

"अगं, खाली म्हंजे खाली!"

"हो नं. पूर्ण खाली झालं."

त्यांनी एकदा बादलीकडे आणि एकदा माझ्या हातातल्या बुचाकडे बघितलं. मग त्यांच्या डोक्यात उजेड पडला आणि ते खाली, म्हणजे त्यांच्या अर्थानं खाली, तेलातच बसले आणि पोट धरून हसायला लागले. "रिकामं म्हण की बाई, रिकामं," एवढंच त्यांना बोलता येत होतं. काकू दारात आल्या, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही दोघं इंग्लिशमध्ये बोला की. कामावर बोलताच न्हवं?"

सांडलेलं तेल शोषायला इथे मांजराच्या पेटीत घालायची वाळू वापरतात. काका सात पिशव्या घेऊन आले. दुकानातल्या पोरीनं विचारलं की किती मांजरं आहेत. काका म्हणाले, "वन. फ्रॉम नागपूर." ही गोष्ट त्यांनी नंतर मंडळात इतक्या वेळा सांगितली की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला अनोळखी बायका मला मांजराबद्दल विचारायच्या.

डिसेंबरच्या पहिल्या बर्फात पातं चाललं. नको तितकं चाललं. बर्फाबरोबर ड्राइव्हवेची निम्मी खडी उचलून त्यानं सफरचंदांच्या बुंध्याशी नेऊन टाकली. काकूंची गाडी वेळेवर निघाली, पण चिखलातून. मग काकांनी एक लोखंडी पाइप लांबीत चिरून पात्याच्या धारेवर चढवला, म्हणजे ते खडीत घुसायच्या ऐवजी वरून घसरेल. त्यानंतर जानेवारीभर काकूंची एकही पाळी चुकली नाही. बर्फ पडून गेला की काका ऑफिसात येऊन एक बोट वर करून दाखवायचे, म्हणजे आणखी एक पाळी वाचली. बोटाचा अर्थ आम्हा दोघांनाच माहीत होता.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे जेवायला गेले होते. नवरा कामासाठी कॅलिफोर्नियात होता. जेवता जेवता बर्फ सुरू झाला तो थांबेना, म्हणून काकूंनी मला ठेवून घेतलं. पहाटे ट्रॅक्टरच्या आवाजानं जाग आली. काकू आवरून, डबा भरून, कोट घालून स्वयंपाकघरात उभ्या होत्या. पाच वाजून गेले होते. हॉस्पिटल बारा मिनिटांवर. आम्ही दोघी चहा पीत आवाज ऐकत होतो, आणि आवाज बंद झाला.

काही वेळानं काका आत आले. मिशीवर बर्फ, हातात तुटलेल्या पिनचा अर्धा तुकडा. वळणापाशी पातं गोठलेल्या ढिगाऱ्यावर आपटलं होतं, एका बाजूची पिन तुटली होती आणि पातं लोंबत होतं. अर्धा ड्राइव्हवे अजून तसाच होता. त्यांनी गॅरेजमधले सगळे डबे उलटे केले. बोल्ट बारीक तरी होते, नाहीतर आखूड. एकेक भोकात घालून बघितला. पाच वीस झाले. ते हातातल्या तुकड्याकडे बघत म्हणाले, "बसत न्हाई."

तीन वर्षांत त्यांच्या तोंडून हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. मला त्यांच्याकडे बघवेना.

काकूंनी नुसतं घड्याळाकडे बघत उभं राहायचं होतं. अर्धा तास गप्प राहिल्या असत्या की नात मिळत होती. त्यांनी डबा ओट्यावर ठेवला, खुंटीवरची टॉर्च घेतली आणि बूट चढवायला लागल्या.

"त्या मागच्या ड्रमला असलीच पिन हाय न्हवं?" त्या म्हणाल्या. "ती काढा, आणि ड्रम साखळीनं बांधा. चला, मी उजेड धरते."

मी खिडकीतून बघत होते. गुडघाभर बर्फात त्या लॅबच्या कोटावर जाकीट घालून उभ्या, आणि त्यांच्या टॉर्चच्या उजेडात काका वाकून पिन घासताहेत. मागची पिन केसभर जाड निघाली होती. त्या एकदाही घड्याळ बघत नव्हत्या. पाच पस्तीसला ट्रॅक्टर सुरू झाला, आणि सहाला तीन मिनिटं असताना काकूंनी लॅबमध्ये कार्ड पंच केलं, असं त्यांनी तिथून फोन करून सांगितलं. काकांनी फोन ठेवला आणि ते पुन्हा बाहेर जाऊन उरलेला बर्फ काढत बसले, जो काढायची काही गरज नव्हती.

पुढच्या शनिवारी मी काकूंना गाठलं. "काकू, तुम्ही त्या दिवशी गप्प बसल्या असत्या तं जिंकल्या होत्या नं?"

"आणि नेऊन काय करू तिकडं?" काकू कांदा चिरत म्हणाल्या. "हा माणूस तोंड पाडून पोरीच्या सोफ्यावर बसला असता. ते बघायला मी टेक्सासला जाऊ?"

हिवाळा संपला. एकही पाळी चुकली नाही. मला वाटलं काका आता मंडळात पेढे वाटणार. एप्रिलमध्ये कँटीनमध्ये ते माझ्यासमोर येऊन बसले, खिशातली पट्टी काढून टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "घर काढतोय विकायला."

"पण काका, तुम्ही जिंकलात नं."

"म्हणून तर. हरून जायचं नव्हतं मला." मग पट्टी सरळ करत राहिले. "तिनं पिन दाखवली, नागपूर. माझ्या ध्यानात आली नव्हती व्हय? ध्यानात आली होती. पण मी जर मागं ड्रमकडं गेलो असतो, तर मीच जिंकलो असतो. म्हटलं, बघू ही काय करते. तीस वर्षं झाली लग्नाला आणि मी तिची परीक्षा बघत बसलो होतो त्या बर्फात. लाज वाटली बघ."

मी त्यांच्या कॉफीचे पैसे दिले.

घर विकायला वर्ष लागलं, कारण तेव्हा आमच्याकडे गाड्यांच्या कंपन्या माणसं काढत होत्या; घरं विकली जात नव्हती, माणसं मात्र गाव सोडून जात होती. घेणाऱ्या जोडप्याला ट्रॅक्टर आणि पातं दोन्ही हवं होतं. सामान न्यायचा दिवस पुढच्या एप्रिलमधला ठरला, आणि त्या पहाटे, सफरचंदांना कोंब फुटलेले असताना, सहा इंच बर्फ पडला. मी आवराआवरीला आदल्या रात्रीच येऊन राहिले होते. सामानाचा ट्रक रस्त्यावर येऊन थांबला. ड्रायव्हरनं फोन केला की आत येता येणार नाही, उद्या येऊ का.

"येऊ दे उद्या," काकू म्हणाल्या. भिंती रिकाम्या झालेल्या घरात त्यांचा आवाज घुमला. "एक दिवसानं काय बिघडतंय? चटया हायत अजून. चहाचं भांडं अजून बांधलेलं न्हाई."

काकांनी त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं हो म्हणतील. मला फार वाटत होतं की हो म्हणावं.

"सहाच इंच हाय," ते म्हणाले. "वीस मिनिटांचं काम."

त्यांनी दारापासून रस्त्यापर्यंत नेहमीपेक्षा हळू ड्राइव्हवे साफ केला. वळणापाशी मागे घेऊन पुन्हा एकदा केला. तो भलामोठा ट्रक स्वच्छ खडीवरून पाठमोरा आत आला. ड्रायव्हर खाली उतरून म्हणाला, "नाइस प्लाउ, सर. यू बिल्ट दॅट?" काका म्हणाले, "वी बिल्ट."

दुपारी ट्रक भरून निघून गेला. काकू गाडी सुरू करून तयार होत्या, मी खिडकीशी उभी. काकांनी ट्रॅक्टर शेडमध्ये नेला, पातं जमिनीला टेकवलं, इंजिन बंद केलं आणि उतरलेच नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत बसले. विमानाची वेळ होत आली होती. काकूंनी एकदा हॉर्नवर हात ठेवला. मग त्यांनी हात काढून घेतला आणि गाडी बंद केली.